पाऱ्यानं दिलेला नवरा

नेकनूरच्या आमच्या गल्लीत तेव्हा रेडिओ दोनच घरी होते, तरी करमणुकीला कधी तोटा पडला नाही, कारण निवृत्ती झारेकरी आमच्यात राहत होता. हा माणूस चिडायचा. कालवणात मीठ कमी पडलं तर चिडायचाच, पण बेताचं पडलं तरी ‘आज बरं जमलं, मग रोज कावून जमत न्हाई?’ म्हणून चिडायचा. एकदा एसटी वेळेवर आली म्हणून कंडक्टरशी भांडला; रोज उशिरा येते तर आज लवकर येऊन लोकांची तारांबळ का उडवता, असं त्याचं म्हणणं होतं. कंडक्टरनं हात जोडले. गाडीतले लोक आठवडाभर हसत होते.

बाहेरच्यांची ही करमणूक. दाराच्या आत चतुराबाई होती.

बावीस वर्षं संसार केल्यावर चतुराबाईला एक विद्या आली होती. नवरा गल्लीच्या तोंडाशी आला की त्याच्या खोकण्यावरून तिला आजचा अंदाज यायचा आणि ती चिमटा, बत्ता, फुंकणी असल्या वस्तू कणगीमागं सारून ठेवायची. हातानं मारलेलं दोन दिवसांत बरं होतं, लोखंडानं मारलेलं राहतं, एवढा तिचा हिशेब साधा होता. डावं मनगट एकदा मोडून वाकडं बसलं होतं. गल्लीला सगळं माहीत होतं. मध्ये कोणी पडत नसे. फक्त शेजारची वच्छलाबाई आरडाओरडा वाढला की हातात वाटी घेऊन दारात उभी राहायची, “चतुरे, इरजण हाय का गं थोडं?” परकी बाई दारात आली की निवृत्ती हात खाली घ्यायचा. वच्छलाबाईच्या घरी दुभतं जनावर नव्हतं, दूध विकतही कधी येत नव्हतं. तरी त्या बाईनं जितकं विरजण मागितलं तितक्यात सगळ्या नेकनूरला ताक पुरलं असतं.

आता निवृत्तीचा धंदा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. सोनाराच्या दुकानात सोनं घासताना, कापताना, वितळवताना कण उडतात. ते झाडलोटीत जातात, शेगडीच्या राखेत जातात, बसायच्या तरटात अडकतात. ही माती पोत्यात भरून विकत आणायची, जाळायची, कुटायची, घमेल्यात पाणी घालून घोळत घोळत धुवायची. तळाशी जो काळा गाळ राहतो त्यात पारा घालून चोळायचा. पारा सोन्याचे कण तेवढे धरतो, मातीला हात लावत नाही. मग फडक्यातून पिळलं की मोकळा पारा बाहेर आणि आत हरभऱ्याएवढी पांढरी गोळी. ती लोखंडी पळीत घालून चुलीवर धरायची. पारा उडून जातो. पळीच्या बुडाला मोहरीएवढं सोनं उरतं. हे करणाऱ्याला झारेकरी म्हणतात, आणि निवृत्तीचा बापही हेच करत मेला. बीडच्या सराफांच्या पायऱ्या तो रोज चढायचा, पण त्याला कोणी कधी ‘बसा’ म्हणालं नव्हतं. कचरेवाला आला, असंच म्हणत. त्याच्या रागाची पोतीही बहुतेक तिथूनच भरून येत असावीत.

पंच्याऐंशीपासून तीन साल पाऊस नावापुरता पडला. आडात दगड दिसायला लागले. ज्यांच्या अंगात बळ होतं ते कोयते घेऊन कारखान्यांकडं निघून गेले. निवृत्तीची लेक आष्टीकडं दिली होती, तीही जावयाबरोबर गेली. मागं राहिलेल्या बायका एकेक डोरलं, एकेक बुगडी फडक्यात बांधून बीडला न्यायला लागल्या. सराफांच्या भट्ट्या दिवसभर पेटलेल्या. निवृत्तीच्या पोत्यांत आता पूर्वीपेक्षा दुप्पट माल निघू लागला. दुष्काळात गल्लीत एकट्याचाच धंदा तेजीत आणि धंद्याला लागतं काय, तर पाणी.

पाणी चतुराबाई आणायची. गावच्या दूध सोसायटीत ती कॅन घासायच्या आणि दुधाची फॅट काढायच्या काचेच्या नळ्या धुवायच्या कामावर होती. सोसायटीच्या आवारातली बोअर तेवढी चालू होती. सेक्रेटरी पंडित कामावरच्या बायांना जाताना दोन-दोन घागरी भरून नेऊ द्यायचा, हा त्या नोकरीचा पगाराहून मोठा मान. बाकी गल्ली टँकरमागं पळायची. अशा दिवसांत पिण्याच्या पाण्यानं कोणी माती धुतोय हे दिसलं असतं तर लोकांनी निवृत्तीला त्याच्याच घमेल्यात घोळला असता. म्हणून तो धुणं घरात करू लागला. दार लावून, खिडकीला पोतं ठोकून. पळीही आतल्याच चुलीवर धरायची, कारण अंगणात चूल पेटवली की वच्छलाबाई वाकून बघणार.

आणि धुतलेलं पाणी फेकायचं कसं? त्या सालात पाणी फेकणं म्हणजे पोराला फेकण्यासारखं. निवृत्ती ते रांजणात निवळू द्यायचा. दुसऱ्या दिवशी वर निवळशंख पाणी. त्यानं परत माती धुवायची, ते परत निवळायचं. तिसऱ्या खेपेचं पाणी चतुराबाई भांड्यांना वापरायची, अंगाला घ्यायची. आणि टँकर आलाच नाही अशा दिवशी फडक्यातून गाळून, उकळून, कण्यांतही घालायची. इतकं स्वच्छ दिसायचं ते.

याच सुमारास राधाकिशन गुरुजींचं किमयेचं वेड उफाळलं. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, विज्ञान शिकवायचे, बायको वारलेली. त्यांनी कुठून कुठून उतरवून किमयेवर एक जाड वही तयार केली होती. दर गुरुवारी ऊन कललं की मारुतीच्या ओट्यावर ते ती वाचून दाखवत. दुष्काळात लोकांना शेतावर कामच नव्हतं, त्यामुळं श्रोते भरपूर.

“किमया म्हटलं की तुमाला सोनं दिसतं,” गुरुजी म्हणत. “जुने किमयागार काय येडे व्हते का? त्यांची खरी भट्टी हितं.” छातीवर बोट. “शिसं म्हणजे आपला जडपणा. गंधक म्हणजे राग, ठिणगी दाखवली की पेटला. पारा म्हणजे मन, धराया गेलं की निसटलं. हे तिन्ही एका मुशीत घालायचे आन् मंद आचेवर ठेवायचे. घाई करायची न्हाई.”

“किती येळ ठेवायचं, गुरुजी?” मागून कोणी विचारी. “बायको जेवाय हाक मारीस्तोवर?”

गुरुजी हसण्याकडं लक्ष देत नसत. “आधी सगळं काळं पडतं. माणसाला सोताची घाण दिसाया लागती. ही पायरी टाळून कोणाला पुढं जाता येत न्हाई. मग धुणं. पांढरं होईस्तोवर धूतच ऱ्हायचं. त्याच्या पुढं पिवळं, दिवस उगवायच्या टायमाला असतं तसं. आन् शेवटी तांबडं. तिथं पोचलेला माणूस ज्याला हात लावील तोबी बदलतो.”

निवृत्ती पहिल्यांदा तिथं गेला तो भांडायला. पाऱ्याचं कोणी मास्तर शिकवतो म्हणजे काय! ओट्याखाली उभा राहून म्हणाला, “गुरुजी, तुमी पारा कधी हातात धरला का?”

“शाळेत थर्मामीटर फुटलं व्हतं...” गुरुजी म्हणाले. ओटा खदखदला.

“मी रोज धरतो. आन् तो निसटत न्हाई. त्याला सोनं दाखवलं की गप बसतो.”

गुरुजी ओट्यावरून खाली उतरले. चष्मा काढला. म्हणाले, “निवृत्ती, अरे मी वीस वर्सं नुसतं वाचलं, ते तू रोज करतोस. मातीतून धुऊन, जाळून, पिळून. हितं खरा किमयागार एकच हाय आन् तो खाली हुभा हाय. ये, वर बस.”

पन्नाशीच्या माणसाला उभ्या आयुष्यात प्रथमच कोणीतरी वर बस म्हणालं. निवृत्ती बसला. त्या दिवशी तो कोणाशी भांडला नाही, हे गल्लीनं मुद्दाम लक्षात ठेवलं.

मग त्याला नादच लागला. तंबाखू सोडली. माती घोळताना तोंडानं ‘धुतोय, धुतोय’ असं पुटपुटू लागला. गुरुजींची वही घरी आणून अक्षर अक्षर लावत वाचली. वहीच्या शेवटी कायापालटाचं एक पान होतं. पाऱ्याच्या सहवासात राहणाऱ्या साधकाला आधी कंप सुटतो, तोंडाला धातूची चव येते, मग जुने दात, जुने केस गळतात आणि नवे येतात. गुरुजींनी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हे शब्दशः घेऊ नये.’ निवृत्तीला बारीक अक्षर वाचता येत नव्हतं.

पुढच्या सहा-आठ महिन्यांत गल्लीची करमणूक बंद पडली. निवृत्ती गप्प झाला. आधी वाटलं, आजारी असेल. पण हा गप्पपणा वेगळाच. समोरून कोणी आलं की तो मान खाली घालायचा, गाल तांबडे व्हायचे, नव्या नवरीसारखा भिंतीला चिकटून जायचा. ज्या कंडक्टरशी भांडला होता त्याच्या पाया पडला. कंडक्टर गाडी सोडून पळता पळता राहिला. मेलेलं वासरू बघून घळाघळा रडला. एक दिवस त्याचा पुढचा दात हातात आला, तर तो घेऊन ओट्यावर गेला आणि गुरुजींपुढं ठेवून म्हणाला, “पडला.” चेहरा असा की पोरगं पास झालंय. हात थरथरत होते. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. गावात बोलबाला झाला. नेकनूरच्या झारेकऱ्याचं सोनं झालं म्हणून लांबून लोक बघायला यायचे आणि निवृत्ती लाजून कणगीमागं लपायचा.

चतुराबाईनं आधी विश्वास ठेवला नाही. मार खाल्लेल्या माणसाला शांततेची भीतीच जास्त वाटते. महिनाभर ती चिमटा-बत्ता लपवतच राहिली. मग एका दुपारी भाकरी करपली, कोळसाच झाली. ती हातात घेऊन चतुराबाई उभी राहिली, खांदे आखडून. निवृत्तीनं भाकरीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि त्याचा ओठ थरथरायला लागला. म्हणाला, “तुला भाजलं का कुठं?”

बावीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. ती चुलीपुढं बसून इतकी रडली की वच्छलाबाई वाटी घेऊन आली. तिला वाटलं, मारलं.

त्यानंतरचं एक साल चतुराबाईचं. बाहेर रान करपलेलं, जनावरं छावणीत, आणि ही बाई सोसायटीत कॅन घासताना गाणं म्हणते. निवृत्ती तिच्याजवळ बसायचा. तिच्या आईचं नाव काय होतं, ती कशानं गेली, हे त्यानं विचारलं. वाकड्या मनगटाला तेल लावायला घेतलं. त्याचे हात इतके कापत होते की तेल सगळं लुगड्यावर. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, तुमी इचारलं त्यातच भरलं.” वच्छलाबाईचं विरजण मागणं बंद झालं.

मग चतुराबाईचे हात कापू लागले.

आधी भाकरी थापताना कडा फाटायची. मग पाणी वाहताना घागर डुचमळायची. आणि तिचा स्वभाव फिरला. हसरी बाई, पण वचावचा बोलू लागली. वच्छलाबाईलाच एकदा ‘कावून घिरट्या घालतीस दारापुढं?’ म्हणाली. गल्लीला नवा विषय मिळाला. नवरा देवमाणूस झाला, आता बायकोला माज चढला. त्याची विद्या हिच्या अंगात उलटी शिरली, असंही एकजण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. आम्ही सगळेच त्यात होतो.

सोसायटीत चौथी नळी फुटली तेव्हा पंडितनं तिला बोलावलं.

“चतुराबाई, काय चाललंय?”

“सुटली हातातून, भाऊ.”

“जवळ ये. तोंड दाखव.” त्यानं वास घेतला. “घेतीस का काही?”

“घेतलं असतं तर नळी धरली असती नीट,” ती खेकसली आणि लगेच तोंडावर पदर धरून रडायला लागली.

पंडित घाबरला. हा माणूस सगळ्या गावाच्या दुधात पाणी आहे का ते बघायचा, पण डोळ्यातलं पाणी त्याला झेपत नसे. त्यानं तिला दुसऱ्या दिवशी दुधाच्या टेम्पोत बसवून बीडला धाडलं, एका डॉक्टरणीकडं.

डॉक्टरणीनं जीभ बघितली, हिरड्या बघितल्या, हात पुढं धरायला लावले. घरात काय धंदा विचारलं. चतुराबाईनं सांगितलं. मग डॉक्टरणीनं लिहायचं थांबवलं.

“बाई, तो पारा चुलीवर उडून जातो ना, तो जातो कुठं? तुमच्या नाकात. आणि त्या पाण्यात पण तोच. नवऱ्याचे पण हात कापतात?”

“व्हय.”

“दात हलतात?”

“चार पडले.”

“लाजतो का? चारचौघांत यायला घाबरतो? कशावरूनही रडतो?”

चतुराबाईनं नुसती मान डोलावली.

“हा पण आजारच आहे,” डॉक्टरणीनं समजावलं. “पारा डोक्यात चढतो. कोणाला चिडकं करतो, कोणाला असं भित्रं. जोरात बोलणारा माणूस पार गोगलगाय होतो. पण घाबरू नका. पारा बंद केला, ते घर मोकळं केलं, की हळूहळू फरक पडतो. पुष्कळसे ते पूर्वीसारखे होतील.”

पूर्वीसारखे. चतुराबाई परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तो शब्द चघळत होती. डॉक्टरणीला काय माहीत, तिनं औषध म्हणून काय सांगितलं ते! म्हणजे ती करपलेली भाकरी, तो प्रश्न, आईचं नाव, हे सगळं त्या पाऱ्याच्या बाटलीतलं. त्यातलं निवृत्तीचं काहीच नाही. आणि बाटली बंद केली की आतून तो जुना येणार, खोकत.

घरी आल्यावर निवृत्तीनं विचारलं, “काय म्हणली डाक्टरीण?”

“अशक्तपणा हाय म्हणली.”

चतुराबाईला आम्ही नंतर खूप बोललो, पण त्या गाडीतल्या बाकावर बसून बघितल्याशिवाय कोणी बोलू नये. तिनं काय केलं, तर स्वतःला वाचवलं. जळण वाचतं असं सांगून ती वच्छलाबाईच्या चुलीवर स्वयंपाक करायला लागली. पाणी फक्त सोसायटीतलं प्यायची. पळी चुलीवर चढली की कॅन घासायचे राहिले म्हणून निघून जायची. आणि त्याला धुऊ दिलं. अडीच महिने. तिचे हात थोडे थांबले. त्याचे वाढले. आता त्याला कपाचा कान धरता येईना. ती बशीत ओतून तोंडाला लावायची. तो चहा पिऊन तिच्याकडं बघायचा आणि लाजायचा.

या अडीच महिन्यांत ती बरी होत होती आणि तिला झोप लागत नव्हती.

एकदा तो पोतं आणायला बीडला गेला तो परतलाच नाही. दिवस मावळताना गावातला एकजण त्याला स्टँडवरून घेऊन आला. सकाळी अकरापासून तो बाकावर बसून होता. नेकनूरच्या चार गाड्या समोरून गेल्या. कोणती गाडी आपली ते आठवेना, आणि कोणाला विचारायची लाज वाटली. सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली होती. चतुराबाई ती सोडवून नीट लावू लागली, तर म्हणाला, “तू लई चांगली हाईस. माझ्यासाठी किती करतीस.”

तिचा हात बटणावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती गुरुजींकडं गेली आणि सगळं सांगून टाकलं. गुरुजी वही मांडीवर घेऊन बसले होते. ऐकता ऐकता त्यांनी वही मिटली.

“म्हणजे... त्याच्यात जे झालं...” गुरुजी चाचपडले. “ते दात...”

“पाऱ्यानं पडले.”

“आन् राग?”

“तोबी पाऱ्यानंच गेला. आता पारा सोडला तर राग परत येणार. त्याचं तुमच्या वहीत काय लिवलंय, गुरुजी?”

गुरुजींचा हयातीतला तो एकुलता एक शिष्य. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग हळूच म्हणाले, “खरं बघितलं तर, बाई, किमया तिथूनच सुरू होती. राग हजर पायजे. गंधकच न्हाई तर मुशीत शिजवायचं काय? तो आला आन् तरी त्यानं हात उचलला न्हाई...”

“आन् उचलला तर मार मला बसंल, गुरुजी. तुमाला न्हाई.”

गुरुजींनी मान खाली घातली. गुरुवारचं वाचन त्या आठवड्यापासून बंद झालं.

निवृत्तीला तिनं दारातच बसवून सांगितलं, डॉक्टरणीचं आणि स्वतःच्या अडीच महिन्यांचंही. तो ऐकत होता. सगळं ऐकून म्हणाला, “मग मी चांगला झालोच न्हाई?”

तिनं उंबऱ्यावरची माती हातानं पुसली.

“आन् तू कळूनबी मला करू दिलंस.”

“व्हय.”

“कावून?”

“तुमी इचारलं व्हतं, भाजलं का म्हणून. ते परत कोण इचारणार?”

तो रडला. पाऱ्याचं रडणं की खरं, ते कळायला मार्ग नव्हता. दोन दिवसांनी त्यानं घमेलं, बाटली, पळी, सगळं पोत्यात घातलं, बीडला नेऊन एका झारेकऱ्याला देऊन आला आणि ‘घरात करू नको’ एवढं चारदा सांगून आला. पंडितनं त्याला सोसायटीत घेतलं, दुधाच्या ओळीतली गर्दी आवरायला. लाजणारा माणूस गर्दी आवरायला! पहिले काही दिवस ओळच त्याला आवरायची.

खोली खणून पारा मुरलेली माती काढली, चूल नवी घातली. हात हळूहळू थांबले. महिना झाला, दोन झाले. निवृत्तीची मान वर आली. ओळीत घुसणाऱ्याला तो एक दिवस ‘ए, मागं हो बे!’ म्हणाला, तर सगळी सोसायटी खूश झाली, पंडितनं पाठ थोपटली. कॅन घासणारी चतुराबाई मात्र घासता घासता थांबली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. घरी येऊन तिनं चिमटा कणगीमागं टाकला. आपण काय केलं ते तिला नंतर समजलं.

चौथ्या महिन्यात, एका दुपारी, ते झालं. कारण विचाराल तर काही नाही. लेकीची चिठ्ठी आली होती, ती चतुराबाईनं पंडितकडून वाचून घेतली, त्याला आधी न दाखवता. “मला वाचता येत न्हाई का? परक्याला आपल्या घरातलं दाखवतीस?” आवाज चढत गेला. पार जुना आवाज, बापजाद्यांच्या शिव्यांसकट. तो उठला. हात वर गेला.

वच्छलाबाईला भिंतीपलीकडून ऐकू आलं. ती वाटी शोधायला लागली.

चतुराबाई हलली नाही. तिनं डोळे मिटले नाहीत, हे मात्र नवीन होतं. ती त्या हाताकडं बघत होती. हात वर थरथरत होता. राहिलेल्या पाऱ्यानं, की रागानं, की आवरून धरल्यानं, हे बीडच्या डॉक्टरणीलाही सांगता आलं नसतं. मग तो खाली आला. कोणाला लागला नाही. निवृत्ती दात खाऊन तिच्याकडं बघत होता. चार तर नव्हतेच. “मला बाहीर जा म्हण,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “म्हण लवकर!”

“जा,” ती म्हणाली.

तो गेला. तिनं आतून कडी घातली. पाठ दाराला लावून उभी राहिली. काळीज असं उडत होतं की दारावर कोणी थापा मारतंय असं वाटावं. पण थाप मारत कोणी नव्हतं. फटीतून पाहिलं तर तो उंबऱ्याबाहेर दाराकडं पाठ करून उन्हात बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून. वच्छलाबाई वाटी घेऊन आली, त्याला असं बसलेलं बघून थबकली, काही न मागता परत गेली.

तास झाला. सावली त्याच्यावरून सरकून गेली. आता येईल आणि मारेल, किंवा येईल आणि मारणार नाही. उद्याही असंच, परवाही असंच. कोणत्याच दिवसाची खात्री नाही, आणि या वेळी औषधही नाही. चतुराबाईनं कडी काढली. दार मात्र उघडलं नाही. ती मागं सरकून भिंतीला टेकली आणि तो केव्हा ढकलतो, कसा ढकलतो, याकडं कान लावून बसली.